भिंतीच्या पोटात काय भरायचं?

...आणि वर लोक मलाच विचारतात, राहायला कधी जाताय म्हणून! कुठे जाऊ? छप्पर नाही, भिंती अर्ध्या, कारण त्यांच्या पोटात काय भरायचं हे आमच्या ह्यांचं ठरत नाही. इन्सुलेशन हो! बाहेरचं ऊन नि गारठा आत येऊ नये म्हणून भिंतीत, छतात भरतात ते. तुम्ही-आम्ही दुकानात जाऊ, दाखवा म्हणू, घेऊन येऊ. पण तुम्हाला सांगते, ह्यांना घर बांधायचंय ते पुढच्या चार पिढ्यांसाठी, आणि तेही पर्यावरणाच्या केसालासुद्धा धक्का न लावता. त्यामुळे पुढ्यात काहीही ठेवा, ह्यांचं एकच, ‘ते ठीक आहे, पण शंभर वर्षांनी काय?’

कंत्राटदार बिचारा भला माणूस. म्हणाला, साहेब, थर्मोकोल टाका, शंभर वर्षं काही होत नाही त्याला. झालं! हे असे उसळले... ‘तेच तर! पाचशे वर्षंही होणार नाही!’ मग मेंढीची लोकर आली. मऊ, छान, मी म्हटलं घेऊन टाका. नको, कसर लागेल. गवताचे तक्ते आले. ओल धरतील. जुन्या वर्तमानपत्रांचा भुगा आला, तो तर हे चिमटीत धरून तासन्‌तास वाचतच बसले, आणि मग म्हणे, बुरशी आली तर? शंभर वर्षांनी काय? म्हणजे बघा हं, भिंतीत असेपर्यंत त्यानं कुजता कामा नये, आणि भिंतीतून काढलं की कुजलंच पाहिजे! मी विचारलं, अहो, पण त्या बिचाऱ्याला कळायचं कसं, आपण अजून आत आहोत की बाहेर? तर माझ्याकडे असं बघितलं, जणू शंभर वर्षांनी जे काही बिघडणार आहे ते मीच बिघडवणार आहे.

आणि ज्यांच्यासाठी हे घर बांधायला काढलं त्या सासूबाई? त्या आमच्या भाड्याच्या घरात, पत्र्याखाली, डोक्यावर ओलं फडकं ठेवून बसलेल्या. मागच्या उन्हाळ्यात भोवळ येऊन पडल्या हो. बघवत नाही मला. त्या एवढंच म्हणाल्या, ‘अरे, शंभर वर्षांचं तू बघ, मला यंदाच्या उन्हाळ्याचं सांग.’ ह्यांनी मान डोलावली आणि आणखी एक नमुना मागवला. बुचाचा. बाटलीला लावतात ना, त्याच झाडाच्या सालीचा.

नमुना म्हणजे तुम्हाला वाटेल हाताएवढा तुकडा. छे! पोती नि गठ्ठे! ठेवायचे कुठे? मागे अडगळीची खोली, तिथे भिंतींना लावून खालपासून वरपर्यंत रचले, उरलेले फळ्या टाकून पत्र्याखाली कोंबले. आणि एक दिवस भर दुपारी सासूबाई सापडेनात. घर पालथं घातलं, शेजारी विचारलं... आणि बघते तर अडगळीत, गठ्ठ्यांच्या मधोमध, चटई टाकून गाढ झोपलेल्या. मी आत पाऊल टाकलं आणि काय सांगू तुम्हाला, गारेगार! तेव्हापासून त्या तिथेच राहायला लागल्या.

अन् परवा ह्यांचं ठरलं. खरंच ठरलं, बूच! कंत्राटदाराला फोन केला, धावत आईकडे गेले, म्हणाले, पुढच्या महिन्यात तू नव्या घरात. सासूबाई म्हणाल्या, मी नाही येत. का? तर म्हणाल्या, ‘गारव्याचं सोड रे, इथे तुझं बोलणं ऐकू येत नाही.’

हे दुखावले. म्हणाले, आईलाच यायचं नसेल तर घाई कशाला, नीट विचार करू. आणि बूच रद्द! कंत्राटदारानं फोनच ठेवून दिला, मला वाटतं रडत असावा. मी भांडले, मीही रडले, मग उशी उचलली आणि सासूबाईंशेजारी जाऊन आडवी झाले. आता दोघी तिथेच असतो, दार लावून. हे अधूनमधून दाराच्या काचेपलीकडे येऊन उभे राहतात, हातवारे करतात, काहीतरी विचारतात. ऐकू काही येत नाही... पण ओठांवरून वाटतं, शंभर वर्षांबद्दलच असावं.