थाळीभोवती सह्या

नाही काका, मी अजूनही म्हणतो, चुकलं तुमचंच. तुम्ही तोंड उघडायले नको होतं. किती वेळा भांडलो मी यावरून. फोनवर भांडलो, पंडरी बाजारातल्या चहाठेल्यावर भांडलो. अन तुमचं एकच, "बरं बाबा, चुकलं माझं, चहा थंडा होऊन राहिला." आता कोणाशी भांडू?

माफ करा मंडळी. शोकसभेत कोणी अशी सुरुवात करत नाही. काकीले, सिलतऱ्याच्या साथीदारांले, पंडरीच्या कपडा दुकानातल्या भैया लोकांले माझा नमस्कार. मी नितेश, याच पाऱ्यातला, याच गल्लीतला. मनोहरकाका माझे सख्खे काका नव्हते, बाबाचे दोस्त होते. बाबा गेले तेव्हा सिलतऱ्याच्या लोखंड कारखान्यात मले त्याईनंच कामाले लावलं. मी आठवी नापास. घरी तोंड चालते, सभेत चालत नाही. अन मी तं तिथं नाहीच. इकडं आखातात आहो, पासपोर्ट कंपनीच्या कपाटात आहे, काकाच्या मातीले येता आलं नाही. म्हणून हे मोबाईलवर लिहून पाठवलं. वाचून राहिली ती माझी बहीण पिंकी. पिंकी, मराठीतच वाच. मधात "मतलब, मतलब" करून हिंदीत शिरू नको.

अन एक हात जोडून सांगतो. कोणी व्हिडिओ काढू नका. काहून, ते पुढं समजंल. तिथं कोण कोण बसलं आहे ते मले दिसत नाही. त्याचंच भेव वाटून राहिलं.

भेव. आज लोक म्हणतील, मनोहर मोठा हिंमतवाला होता. म्हणू द्या. मले तं काका भेवाच्याच गोष्टी सांगायचे.

डब्याच्या सुट्टीत आमी भट्टीपासून दूर, भिंतीच्या सावलीत बसायचो. काका दुनियाभरच्या कामगारांचं सांगायचे. शिकागोत आठ तासांच्या कामासाठी लोक रस्त्यावर आले, काही फासावर गेले. रशियात भाकरीच्या लाइनीतल्या बाया उठल्या अन राजाची गादी हालली. आमी म्हणायचो, "काका, काय जिगरवाले लोक!" काका चिडायचे. "कायचे जिगरवाले? आदल्या रात्री झोप लागली नसंल त्याईले. बायकोनं हात धरला असंल, जाऊ नका म्हणून. हे कोणी लिहून ठेवत नाही."

मंग एकदा त्याईनं खलाशांचं सांगितलं. जुन्या काळी जहाजावर कप्तानाच्या विरोधात अर्ज केला, का ज्याची सही पहिली तो फासावर. म्हणून खलाशी गोल करून सह्या करत. पहिला कोण अन शेवटचा कोण, पत्ताच नाही. जपानातले शेतकरीबी तसंच करत, उघड्या छत्रीसारख्या सह्या. "आता सांग पोट्ट्या," काका म्हणे, "हिंमतवाल्याले गोल लागते का? हे भेलेल्या माणसाचं डोकं आहे. दुनिया भेलेल्या लोकांनीच पुढं ढकलली."

त्याच उन्हाळ्यात भट्टीची गरम राख आमच्यातल्या एकाच्या पायावर पडली. चपलेवर होता तो. पाय मी पाहिला, सांगणार नाही. आमाले बूट पाहिजे होते, हातमोजे, तोंडाले मास्क. बस. काकानं अर्ज लिहिला, कोऱ्या पानावर आपली जेवायची थाळी उलटी ठेवली, पेन्सिल फिरवली. म्हणे, या गोलावर सह्या करा.

आता दुकालू भैया, तू तिथंच कुठंतरी बसला असशील. डोकं खाली घालू नको. मी सांगणारच. काका असते तं त्याईनंच हसत सांगितलं असतं.

दुकालू शाळेत गेला नाही. नाव लिहायले शिकला तो हजेरीच्या रजिस्टरात. तिथं आधी नंबर, मंग नाव. त्याले वाटे, नंबर म्हणजे सहीचाच भाग. कागद आधी त्याच्याकडं गेला. त्यानं एकचा आकडा टाकला अन नाव लिहिलं. त्याच्या बाजूच्यानं पाहून दोन टाकला. मंग तीन, चार. कोणाले काही वावगं वाटलं नाही. मलेबी नाही, मीबी नंबर टाकला! एवढ्या खलाशांची अक्कल, अन आमी ती हजेरीच्या सवयीत बुडवली.

ठेकेदारानं कागद घेतला. स्टिअरिंगसारखा फिरवून फिरवून पाहिला. मंग हसला. "ये एक नंबर कौन है बे? दुकालू?"

दुकालूच्या घरी नुकतीच पोट्टी झाली होती. आमी सगळे जमिनीकडं पाहून राहिलो. अन काका बोलले. "नंबर मैंने डाले। गोला भी मैंने बनाया। उसको क्या पूछते हो?"

झालं. दुसऱ्या दिवशी गेटवर काकाचं कार्ड चाललं नाही. बूट आले, हातमोजेबी आले, पण दिवाळीनंतर. तोवर काका पंडरीत कपड्याच्या गठाणी उचलून राहिले होते. त्यातल्याच एका गठाणीवर ते मंगळवारी दम खायले बसले, अन उठले नाही.

म्हणून मी भांडायचो. म्हटलं, काका, गोल तुम्हीच मोडला. सगळे चूप राहिले असते तं किती जणाले काढलं असतं त्यानं?

काका म्हणे, "दुकालूले तं काढलंच असतं ना?"

"एक गेला असता, काका."

"अरे, मंग एकच गेला ना. हिशोब तं तोच झाला तुझा."

याचं उत्तर तुमच्यातल्या कोणाले सुचते का? मले सांगा.

एकदा त्याईनं खरं सांगितलं. त्या दिवशी घरी आले, काकीले पाणी मागितलं, अन ग्लास हातात धरताच येईना. काकीनं ग्लास तोंडाले लावला. काकी, खरं ना? म्हणजे काकाबी भेले होते. बोलायच्या आधी, बोलतांना, बोलल्यावर.

आता व्हिडिओ काहून नको, ते सांगतो.

इकडं दुपारच्या उन्हात काम करायचं नाही, असा नियम आहे. कॅम्पच्या भिंतीवर पाटी आहे. पण आमचा फोरमन ऐन दुपारीच सळया वर चढवायले लावते. गेल्या आठवड्यात आमच्या खोलीतला एक नेपाळी पोट्टा सळया धरूनच पडला. डोळे उघडे, अन आवाज देल्ला तं ऐकू येत नाही. तो अजून दवाखान्यात आहे. आमी अर्ज करून राहिलो. इथं अर्ज म्हणजे खेळ नाही, अन व्हिडिओ कंपनीपर्यंत पोचला तं संपलंच. इथं राहायचं कार्ड बंद होते, माणूस सरळ विमानात, नाही तं कोठडीत.

बिहारचा इम्तियाज माझ्या वरच्या पलंगावर झोपते. त्याले मी काकाचं सांगून बसलो. दुकालूच्या एक नंबरवर तो लोटपोट हसला. मंग म्हणे, "तो बना ना अपने काका का गोला।"

म्हटलं, "मुझे डर लगता है, यार।"

"तो तू ही बना। जिसको डर नहीं, वो टेढ़ा बनाएगा।"

आज इकडं सुट्टी आहे. तुम्ही हे ऐकून राहिले, तेव्हा आमी खोलीचं दार लावून बसलो असू. थाळी मीच धरणार. नंबर टाकू नका, हे चार भाषांत सांगून ठेवलं आहे. पण उद्या फोरमन विचारंलच, गोल कोणी काढला. तेव्हा मी काय करीन? चूप राहीन, का काकासारखा बोलीन? आईची शपथ, मले माहीत नाही. सगळ्यात जास्त भेव एकाच गोष्टीचं आहे, माझ्या तोंडातून इम्तियाजचं नाव निघू नये.

आता घोषणा देऊ नका. काकीच्या बाजूले जे बसले असतील, त्याईनं तिचा हात धरा. अन दोन मिनिटं सगळे चूप राहू. काका, पाया पडतो.

पिंकी, हे दोन मिनिटं झाल्यावरच वाच, पण सगळ्यांसमोर वाच. आईले मी "भिऊ नको" म्हणत नाही, कारण मीच भेलो आहो. सही केल्यावर कार्ड बंद झालं तं त्यासोबत खातंबी बंद, पैसे इथंच अडकतील. म्हणून आज सकाळीच खातं रिकामं केलं. त्यातले दहा हजार काकाच्या तेरवीले काकीच्या हातात दे. बाकीच्यात जितके दिवस निघतील तितके काढा. पुढच्या महिन्याचं मी काही सांगू शकत नाही. मी पाठवून राहिलो एकूण सदतीस हजार चारशे रुपये.