शेपटीवरची तारीख

पूर्णा स्टेशनात माझ्या शेजारच्या बाकड्यावर एक म्हातारा आणि त्याची नात गाडीची वाट बघत होते. नातीच्या मांडीवर विमानाचं रंगवलेलं चित्र होतं.

“आबा, पहिलंवहिलं जेट विमान लय हुबेहूब काढलंय तुमी. पण शेपटीवर हे काय लिवलंय?”

“परत यायची तारीख.”

“विमानावर असलं कुणी लिहितं का? विमानाच्या कॉलेजात पोरी हसतील मला.”

“हसू दे. रेल्वेत तीस वर्षं डबे रंगवले मी. दुरुस्तीला परत कवा यायचं, ते लिवल्याबिगर एक डबा सोडला न्हाई.”

“हा काय डबा हाय का, आबा? नाकावर पंखा नसताना उडतंय का, एवढंच बघायला बनवलं होतं हे.”

“तेच म्हणायलोय मी. उडतंय का न्हाई ठाऊक नसताना एक माणूस बसलाच की त्यात. घरच्यांनी कवापर्यंत वाट बघायची त्याची?”

“पण विमान ऐंशी वर्षांमागचं, आन् तारीख पुढच्या चौदा एप्रिलची?”

“जयंतीला येशील ना, माय?”