ताजा डोळा

नाय नाय सदूदादा, भट्टीकडं बघू नको — बैल सोडलेस ना, मग पाठ तिकडं कर आणि बस इतं. कोळसा न्यायला आलास, ठाव हाय मला, पण भट्टी अजून पिकायची हाय. मी सांगेन तवा वळायचं, एकदाच बघायचं आणि धुराचा रंग सांगायचा — खुळी नाय झाले रं मी. धूर आदी पांढरा असतो, लाकूड शिजलं का पातळ होतो, निळा होतो, आणि निळा झाला का लगेच चिखलानं भोकं बुजवायची. उशीर झाला का कोळशाची राख. मग बघत बसावं की, म्हणशील. बसलेच हाय की! चार दिस बसले हाय. पण एकसारखं बघणाऱ्याला दिसत नाय, दादा — धूर इतका हळू बदलतो का डोळ्याला कालचाच रंग दिसत राहतो. म्हणून भट्टीवर दोघं लागतात. एक बघतो, दुसरा पाठ करून बसतो. त्याला आमी ताजा डोळा म्हणतो.

माझा ताजा डोळा पोशा, माझा नवरा. बारा वरसं त्यानं सांगायचं, मी बुजवायचं — एक भट्टी जळली नाय. मग आई गेली, आणि धाकट्या भनीला, ठमीला, मीच घेऊन आले कळंबावरनं. मीच. ती त्याला दाजी म्हणायची — भाकर खाता का दाजी, पाणी देऊ का दाजी. मग दाजी कमी झालं, मग नुसतंच अवो झालं. कवा झालं? मी तितंच बसलेली, तांदूळ निवडत. रोज थोडं थोडं झालं, मला दाजीच ऐकू येत राहिलं. आणि तू — आठवतं? शिमग्याच्या आदी पयल्यांदा आलास, पाणी पिलास आणि पोशाला म्हणालास, तुज्या बायकोला पोती काढाय सांग — आणि बोट ठमीकडं केलंस. आमी तिघं हसलो. मीच जास्त हसले.

ही भट्टी पेटवली आणि त्याच सकाळी मीठ संपलं म्हणून ती दोघं चौक गावच्या बाजाराला गेले. धूर फिरायच्या आदी येतो म्हणाला. चौक काय लांब हाय? दुपारला माणूस माघारी. हमरस्त्यावर मोटारी बघत बसले असतील, असं दोन दिस मनाला सांगितलं. ठमीनं दुसरं लुगडं बरोबर घेतलेलं, ते मी बघितलं होतं रं — माज्यासमोर गाठोडं बांधलं तिनं. मीठ आणाय दुसरं लुगडं कशाला, हे आज सकाळी कळलं मला. फसवलं त्यांनी. पण खरा राग माज्या डोळ्यांचा येतो — सारं बघितलं आणि काय दिसलं नाय.

बरं, वळ आता. बघ. काय?... निळा? सगळीकडनं? — मला अजून पांढराच दिसतोय, दादा. बाजूला सर, चिखल घेऊ दे.

आणि, तू चौकचाच ना? दिसले का रं तुला — बाजारात, मीठ घेताना? खाली का बघतोस? नको, सांगू नको. बैल जुंप. भट्टी निवायला तीन दिस लागतील, तवा ये. जा.