खाटेवरची ओटी

धुळ्याच्या नव्या कॉलनीतलं घर बघायला निघालेला वना सोनगीरच्या थांब्यावर गाडीची वाट पाहत होता. पुढे दोघी बायका बोलत होत्या.

"तठे नाला व्हता ना?"

"बुजवला, अक्का. त्यावरच आमची घरं."

"मंग पानी कोठे जास?"

"घरात येतं. मागच्या पावसाळ्यात देव्हाऱ्यापर्यंत आलं."

"नदीनी ओटी कोठे भरी?"

"सासूबाईंनी खाटेवर बसूनच भरली. नारळ सोडला, तो स्वयंपाकघरात फिरून पुन्हा खाटेपाशी आला."

"इकी टाका ते घर."

"विकतोच आहोत. आज सोनगीरचं गिऱ्हाईक येणार, म्हणून भिंतीवरच्या पाण्याच्या खुणांवर रंग मारला."

"पानीनं सांगं का त्यासले?"

"उन्हाळ्यात कोण विचारतं, अक्का?"

वना खाकरला.

"ताई, रंग वाळला का हो?"