कॅप्टनचा बाप

नेलिदा : तो इस्त्रीचा शर्ट घाल आता. सगळं गाव अग्निशमन दलाच्या अंगणात जमलंय, कोकरू निखाऱ्यावर चढलंय, आणि कॅप्टनचा बाप इथे बनियनवर बसून सायकलची साखळी पुसतोय.

ओविदिओ : कंबर धरलीय.

नेलिदा : काल संध्याकाळपर्यंत ठणठणीत होती. कॅप्टनपदाची मतं मोजली आणि धरली.

ओविदिओ : गिरणीत ओंडके उचलतो मी. तुझ्यासारखा घरात पाव भाजत नाही.

नेलिदा : एकदा भाजून बघ, कंबर कुठे असते ते कळेल. ऊठ, ओविदिओ. येसेनियाने दोनदा फोन केला. ‘बाबा निघाला का?’ म्हणून विचारत होती.

ओविदिओ : सांग, झोपलाय.

नेलिदा : भर दुपारी? या घरात भोंगा झाला की विजार हातात घेऊन पळणारा माणूस तू. तू झोपलायस यावर तिचा विश्वास बसेल?

ओविदिओ : नाही बसला तर नाही बसला. तिचा मान आहे, तिने मिरवावा. माझं काय काम तिथे?

नेलिदा : बापाचं काम. गर्दीत उभं राहायचं आणि टाळ्या वाजवायच्या. फुकटचं काम आहे. तुमच्या दलात सगळंच फुकट असतं. पगार नाही, वर उलट वर्गणी.

ओविदिओ : टाळ्या वाजवायला नोल्बेर्तो आहे ना. त्यानेच तिचं नाव पुढे केलं. माझा मित्र! तीस वर्षांचा! उभा राहिला आणि म्हणाला, ‘दलाला तरुण डोकं हवं.’ मी समोर बसलो होतो, नेलिदा. माझ्याकडे बघत म्हणाला.

नेलिदा : तो तिचा धर्मबाप आहे. बाप्तिस्म्याच्या वेळी चर्चमध्ये तिला मांडीवर घेऊन बसला होता. दुसऱ्या कुणाचं नाव घेणार?

ओविदिओ : माझं! माझं नाव घ्यायचं. म्हातारा एलिओदोरो कॅप्टन होता तेव्हा मला काय म्हणायचा ठाऊक आहे? ‘माझ्यानंतर तूच.’ दर ख्रिसमसला म्हणायचा. तो दमला, उतरला, आणि काल सगळे काय म्हणाले? ‘ओविदिओ कॅप्टन झाला तर बंब कोण चालवणार?’ म्हणजे मी काम चांगलं करतो, हाच माझा गुन्हा.

नेलिदा : आणि ते खरंच आहे ना? तो म्हातारा बंब तुझ्याशिवाय कुणाला दाद देतो?

ओविदिओ : बंबाने दाद दिली म्हणजे झालं. माणसांनी नाही दिली तरी चालेल.

नेलिदा : खरं सांग. मत कुणाला दिलंस?

ओविदिओ : मत गुप्त असतं.

नेलिदा : तीस वर्षं माझ्या शेजारी झोपतोस. तुझं काय गुप्त आहे?

ओविदिओ : ...कोरं टाकलं.

नेलिदा : पोटच्या पोरीला कोरं?

ओविदिओ : तिच्याविरुद्ध नाही टाकलं, हे बघ ना! हात थांबला. तिचं नाव लिहायला पेन टेकवलं आणि पुढे सरकेना. काय करू? चौदा वर्षांची असताना पाइप कसा उलगडायचा ते मी शिकवलं. शिडीवर पाय कसा ठेवायचा, तेही मीच. आता ती मला सांगणार, इथे उभे राहा, तिथे उभे राहा?

नेलिदा : दुसऱ्याच्या पोरीने सांगितलं असतं तर?

ओविदिओ : तर चाललं असतं! दुसऱ्याच्या पोरीचं काय, ती रोज माझ्यासमोर बसून सूप पिणार नाही. हिचं तोंड सकाळ-संध्याकाळ बघायचं.

नेलिदा : जळतोयस, ओविदिओ. गावाची आग विझवायला धावतोस, आणि पोटातली...

ओविदिओ : बोललीस! शेवटी बोललीस! हो, जळतोय. पुढे?

नेलिदा : पुढे काही नाही. शर्ट घाल.

(भोंगा होतो. पुढचं बोलणं नोल्बेर्तोच्या घरासमोर, पंपाच्या गोंगाटात.)

ओविदिओ : दाब वाढवू?

येसेनिया : आहे तेवढा ठेव. मागच्या खोलीत आग किती पसरलीय ते अजून कळत नाही. ब्राउलिओ आणि इवान पाइप घेऊन आत आहेत.

ओविदिओ : नोल्बेर्तो कुठाय?

येसेनिया : बाहेर आहे, मेंढ्यांकडून धावत आलाय. घरात कुणी नाही, मी त्याच्याकडून तीनदा वदवून घेतलं. स्वयंपाकघराच्या धुराड्यातून पेटलंय.

ओविदिओ : मग ठीक आहे. पोरांना स्वयंपाकघरातून वर घुसू दे. जिन्याखालून मारा केला की माळ्यावर चढणार नाही.

येसेनिया : चढलीय. तो धूर बघ, कौलांच्या फटीतून. काळा नाही, पिवळट. छप्पर केव्हाही बसेल. मी त्यांना बाहेर बोलावतेय.

ओविदिओ : काय?

येसेनिया : ब्राउलिओ! इवान! बाहेर या. पाइप सोडा, या! आत्ता!

ओविदिओ : अगं, काय करतेस! घर हातात आहे अजून!

येसेनिया : शेजारच्या दोन घरांच्या भिंती भिजवायच्या. हे मी सोडतेय.

ओविदिओ : सोडतेस? नोल्बेर्तोचं घर? येसेनिया, ऐक. या छपराचे वासे मी बसवलेत. मी आणि नोल्बेर्तोचा बाप. ओल्या दिवसांत कापलेलं जुनं लाकूड आहे, असं सहज पडणार नाही. पोरांना परत आत पाठव. फार नाही, थोडा वेळ!

येसेनिया : नाही.

ओविदिओ : मी सांगतोय ना!

येसेनिया : बाबा...

ओविदिओ : तुझा जन्म झाला नव्हता तेव्हा मी या छपरावर बसून डबा खाल्लाय!

येसेनिया : चालक, पंपावर थांबा. दुसरी लाइन शेजारच्या भिंतीला द्या.

ओविदिओ : काय म्हणालीस?

येसेनिया : दुसरी लाइन भिंतीला. तुम्ही ऐकलंत.

ओविदिओ : ...ऐकलं. देतो, कॅप्टन.

*

नेलिदा : एकटाच? येसेनिया कुठाय?

ओविदिओ : दलातच आहे. सभा संपली, पण म्हातारे तिला सोडत नव्हते. येईल.

नेलिदा : आधी बस. या शेंगा सोलता सोलता सांग. दोन दिवस पाव घ्यायला येणारं कुणी माझ्याशी धड बोलत नाही. सोकोर्रो पाव घेते आणि वर म्हणते, ‘पोरगी घाबरली, होतं असं.’ मी तिला शिळा दिला.

ओविदिओ : सगळे तेच म्हणतायत. छप्पर बराच वेळ उभं राहिलं ना. आम्ही पाइप गुंडाळायला घेतले तेव्हा कुठे कोसळलं.

नेलिदा : म्हणजे तुझं खरं होतं.

ओविदिओ : होतं.

नेलिदा : आणि नोल्बेर्तो?

ओविदिओ : सभेच्या आधी त्याने मला बंबाच्या मागे बोलावलं. डोळे सुजलेले. म्हणाला, ‘ओविदिओ, मी चूक केली. तुझं नाव घ्यायला हवं होतं.’ नेलिदा, हे वाक्य ऐकायला मी किती दिवस तडफडत होतो.

नेलिदा : मग?

ओविदिओ : म्हणाला, ‘आज सभेत तू एवढंच सांग की तू कॅप्टन असतास तर पोरं आत ठेवली असतीस. बाकीचं मी बघतो. ती राजीनामा देईल, कॅप्टनचं पांढरं हेल्मेट तुझं.’ बाकीच्या म्हाताऱ्यांशी बोलून ठेवलं होतं त्याने.

नेलिदा : आणि तुला ऐकून बरं वाटलं?

ओविदिओ : बरं? माझ्या तोंडाला पाणी सुटलं.

नेलिदा : लाज नाही वाटत सांगायला?

ओविदिओ : तुला नाही तर कुणाला सांगू? सभा सुरू झाली. ती समोर उभी. नोल्बेर्तो बोलला, घर गेलं, बायकोचा फोटो गेला, लग्नाचा पलंग गेला, सगळं बोलला. ती गप्प ऐकत होती. मग तो वळला. ‘ओविदिओ, तू वासे बसवलेस. सांग, छप्पर टिकलं असतं की नाही?’

नेलिदा : काय म्हणालास?

ओविदिओ : म्हटलं, टिकलं असतं.

नेलिदा : अरे देवा!

ओविदिओ : खोटं कसं बोलू? सगळ्यांच्या डोळ्यांदेखत उभं होतं. मग तो म्हणाला, ‘तू असतास तर?’ मी म्हटलं, मी असतो तर पोरं आत ठेवली असती.

नेलिदा : ओविदिओ! मग माझ्या स्वयंपाकघरात कशाला आलास? जा, त्या नोल्बेर्तोकडेच जेव!

ओविदिओ : पुरतं ऐकशील? मी म्हटलं, ठेवली असती, आणि घर वाचलंही असतं. मग सगळ्यांनी माझी पाठ थोपटली असती. आणि पुढच्या घरातही मी पोरं तशीच ठेवली असती, नोल्बेर्तो. जे घर मी बांधलेलं नाही, त्यातही.

नेलिदा : हे आधीच ठरवलं होतंस?

ओविदिओ : हे मी ठरवून गेलो नव्हतो. बोलता बोलता समोर ब्राउलिओची आई दिसली. दाराशी उभी होती. तिच्या पोराला मी कशाच्या जोरावर आत धाडत होतो? वासे मला ठाऊक होते म्हणून? मला नुसतं त्या वेळी येसेनियाला खोटं पाडायचं होतं, नेलिदा. घर वाचवायचं होतं, तेही होतं. पण दोन्हीतलं जास्त काय होतं, मला नाही सांगता येणार.

नेलिदा : हे सभेत बोललास?

ओविदिओ : एवढं नाही. एवढा शहाणा नाही मी. म्हटलं, तिला वासे ठाऊक नव्हते, तिने बाहेर काढलं, ते बरोबर केलं. आणि बसलो.

नेलिदा : नोल्बेर्तो काय म्हणाला?

ओविदिओ : काही नाही. दलाचा बिल्ला काढला, टेबलावर ठेवला, गेला. मी हात पुढे केला होता. तो तसाच राहिला.

नेलिदा : येईल परत.

ओविदिओ : नाही यायचा. त्याचं घर जळलंय, आणि मी त्याला सगळ्यांसमोर सांगितलं की ते वाचू शकत होतं. त्याच्या जागी मी असतो तर मीही आलो नसतो.

येसेनिया : आई, दार उघड. हातात परवाच्या जेवणाची भांडी आहेत.

नेलिदा : आली बघ. ये, ये. तोंड किती उतरलंय! थांब, चहा टाकते. तुम्ही दोघं बोला. शेंगा सोलायला विसरू नका.

येसेनिया : बाबा.

ओविदिओ : आभार मानू नकोस. तुझ्यासाठी नाही बोललो.

येसेनिया : मानत नाहीय. विचारायचंय. मी चुकले का?

ओविदिओ : छप्पर टिकलं असतं.

येसेनिया : म्हणजे चुकले.

ओविदिओ : नाही.

येसेनिया : हे कसं? मी शिकवते त्या शाळेतल्या पोराने असं उत्तर दिलं तर मी त्याला पुन्हा सोडवायला लावेन.

ओविदिओ : लाव. मला यापुढे नाही सोडवता येत. धूर पिवळा होता, तू बाहेर काढलंस. पुन्हा पिवळा दिसला तर पुन्हा काढ. मी ओरडलो तरी काढ.

येसेनिया : ओरडणार आहेस?

ओविदिओ : बहुतेक.

येसेनिया : तू परवा जेवायला आला नाहीस. मी खिडकीतून रस्ता बघत होते. म्हटलं, कोकरू करपेल, पण हा येईल.

ओविदिओ : मला बघवलं नसतं. माझ्या जागेवर तुला.

येसेनिया : मला माहीत होतं. मला वाटलं, एखाददोन दिवसांत जाईल.

ओविदिओ : गेलेलं नाही. आज एवढं झालं, तरी नाही. मघाशी तू दारातून आलीस ना, तेव्हाही इथे, छातीत, काहीतरी बोचलं. तू नकोशी आहेस असं नाही. माझीच पोर आहेस. पण बोचतं.

येसेनिया : मी पद सोडू का?

ओविदिओ : खबरदार. मग मी कुणावर जळू?

येसेनिया : बाबा, हसवू नकोस. रडायला येईल.

ओविदिओ : मग रड. आई चहा करतेय, तिला ऐकू जाणार नाही.

येसेनिया : त्या दिवशी... तुला ‘चालक’ म्हटलं तेव्हा, माझे हात थरथरत होते. इतके, की वायरलेस दोन्ही हातांनी धरला होता.

ओविदिओ : मला नाही दिसलं.

येसेनिया : पाठ होती तुझ्याकडे. मुद्दाम केली होती.

ओविदिओ : पोरांना दिसलं?

येसेनिया : नसावं. धूर होता. पण पुढच्या वेळी धूर नसला तर? कॅप्टनचे हात थरथरताना दिसले तर आत कोण जाईल?

ओविदिओ : कुणी नाही.

येसेनिया : मग काय करायचं?

ओविदिओ : पंपाकडे यायचं. दाब बघतेय असं दाखवायचं, आणि हात इंजिनावर ठेवायचा. तिथे सगळ्यांचेच थरथरतात.