लाइन आमच्याकडून ओके आहे

...अन वरून तो नेटवाला मलेच म्हणते, "सर, लाइन आमच्याकडून ओके आहे!" आता तुम्हीच सांगा, ओके होती तं माह्या दुकानात अर्धं जानेफळ सकाळपासून काऊन बसलं होतं? माह्या निकाहले एवढे लोकं नव्हते हो! औंदा बोंडअळीनं कापूस खाल्ला, भरपाईच्या ऑनलाइन अर्जाची ती शेवटची तारीख, अन गावात ऑनलाइन सेंटर एकच, ते माहं, म्हणजे अकीलचं. अर्ज अर्धा भरला का पडद्यावरचं ते चक्कर फिरते... फिरते... अन सारं पुसून पुन्हा पयल्यापासून!

सगळ्यायच्या पुढं शेजारचे उकंडकाका. "अकील, माहा अर्ज गेला का बे?" "जाऊन राह्यला, काका." "सकाळपासून जाऊनच राह्यला! एवढ्यात मी पायी मेहकरले जाऊन आलो असतो!"

नेटवाल्या कंपनीच्या माणसाले फोन लावला. पुण्याकडचा असंन, तोंडात नुसती साखर. "सर, लाइन आमच्याकडून ओके आहे. तुम्ही एक टेस्ट करून बघता का?" म्हटलं चाल, करतो. त्यानं काळ्या पडद्यावर एक कमांड लिहाले लावली... बटन नाही, चित्र नाही, नुसत्या पांढऱ्या ओळी! एका कम्प्युटरनं धडाधड डेटा पाठवाचा, दुसऱ्यानं मोजाचा, सेकंदाले किती आला. म्या दुकानातल्याच दोन कम्प्युटरायत लावली, अन काय सांगू तुम्हाले, सेकंदाले नऊशे चाळीस मेगाबिट! दुकानात टाळ्या! काकांनी माही पाठ थोपटली, मीबी फुगलो. तं फोनवरचा म्हणते, "सर, हे तुम्ही तुमच्याच टेबलावर मोजलंत. नेट मेहकरच्या टॉवरवरून तुमच्या डिशवर येतं, तिथपर्यंत मोजा ना."

मोजलं. पॉइंट तीन! काका लगेच, "बियाण्याच्या पाकिटावरबी असंच राह्यते बे, छापेल एक अन वावरात एक!"

मले पटेच ना. पुन्हा लावली, पुन्हा लावली... अन इकडं लोकायचे अर्ज पार ठप्प! फोनवरचा म्हणते, "सर, टेस्ट चालू असताना सगळी लाइन टेस्टच भरून टाकते." "अन त्या डेटात असते काय?" "काहीच नाही, सर." हे काकांनी ऐकलं ना! "म्हणजे रिकाम्या बैलगाड्या पळवून तुनं रस्ता अडवला, अन माहा अर्ज उभा ठेवला?" "आणि सर, लाइन आमच्याक..." "ओके हाये! माहीत हाये मले!" म्या फोनच ठेवला.

तणतणत स्लॅबवर चढलो. पाह्यतो तं माह्या डिशच्या अन मेहकरच्या बरोब्बर मधात, काकांच्या स्लॅबवर, कापसाच्या पऱ्हाट्यायचा हाऽऽ डोंगर! अळीनं खाल्लेली सारी उपटून रचून ठेवेल! "काका, हलवा ते, नेट अडते!" "हात लावू नको! पुरावा हाये तो. पंचनाम्याले साहेब आले तं काय दाखवू, माहं तोंड?" "साहेब अर्ज गेल्यावर येतीन!" "मंग धाड ना अर्ज!" "पऱ्हाटी हटल्यावर अर्ज जाईन!" "पंचनामा झाल्यावर हटंन!" आता हासू का रडू? तं काका एकदम हळू आवाजात म्हणते, "अकील, औंदा दाखवाले एवढंच उरलं रे." मले लय वाईट वाटलं, खरंच सांगतो.

मंग काय! बांबू आणला अन डिश काकांच्या त्या डोंगरावरच रोवली. अन असं नेट सुटलं, असं सुटलं! काकांचा अर्ज गेला, सगळ्यायचे गेले. पुढच्या हप्त्यात साहेब आले, फोटो काढले, पंचनामा झाला.

पंचनामा झाला म्हणजे पऱ्हाटी मोकळी. आता काकांची आशाबाई, म्हणजे आमची आशाकाकू, सकाळ-संध्याकाळ चुलीसाठी त्या ढिगाच्या बुडातून पऱ्हाट्या ओढते, अन वर माही डिश मान टाकून भलतीकडंच पाह्यते. मी टेस्ट कराची सोडली. कंपनीले फोनबी करत नाही. गिऱ्हाईक ओरडलं, "अकील, नेट गेलं!" का मी म्हणतो, "बसा बाप्पा... आशाकाकूनं सयपाकाले घेतलं."