मुद्दाम चुकलेलं गणित

सुजलेला गाल मफलरमध्ये गुंडाळून गणिताचे सर दातांच्या दवाखान्यात बसले होते. मागच्याच बाकावर त्यांची एक विद्यार्थिनी आईशी बोलत होती.

“शाळेनं मोकळा तास दिलाय, हव्या त्या शिक्षकांकडे जायला. तू रोज गणिताच्याच सरांकडे का? तुला तर सगळं येतं.”

“त्यांच्याकडे कुणीच जात नाही, आई. फार खेकसतात.”

“मग तू कशाला?”

“पहिल्या दिवशी मी डोकावले, तर सर एकटेच सगळी बाकं पुसत होते.”

“आणि काय विचारतेस त्यांना?”

“मुद्दाम चुकते. काल साती आठे चोपन्न म्हटलं. किती मायेनं समजावलं गं त्यांनी.”

“परीक्षेतही तेच लिहिशील एखाद्या दिवशी.”

“लिहीन की. सरच तपासणार.”

नर्सनं सरांचा नंबर पुकारला. सरांनी शेजारच्या आजोबांकडे बोट दाखवलं आणि आणखी मागे रेलून बसले.